आधी खाटीक, मग वाघ

माझी भाची आर्किटेक्ट आहे. मागच्या महिन्यात तिच्या ऑफिसला एका नगरपालिकेचं काम मिळालं. बारा एकर जागा, त्यावर छोटं प्राणिसंग्रहालय. रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला, "मावशी, प्राण्यांची लिस्ट पाठवतेय, जरा नजर टाक. सकाळी साहेबांना द्यायचीय." लिस्टमध्ये सिंह, पांढरा वाघ, झेब्रा, जिराफ, पेंग्विन, शहामृग, मकाऊ आणि अगदी शेवटी, कोणीतरी आठवण करून दिल्यासारखं, "हरणं वगैरे".

मी एकतीस वर्षं प्राणिसंग्रहालयात पशुवैद्य होते, पुण्याबाहेरच्या एका महापालिकेत. निवृत्तीनंतर धनकवडीत राहते, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. तिला लिहिलं, "उद्या देऊ नकोस. रविवारी जेवायला ये. येताना पेन्सिल आण, पेन नको." त्या रविवारी तिला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते. असं काम अंगावर पडलेले आणखीही लोक असतील.

पहिलं काम म्हणजे प्राण्यांची यादी बाजूला ठेवायची आणि कोऱ्या कागदावर दुसरी यादी करायची. पाणी किती, उन्हाळ्यात किती, टँकर कुठून येतो. हिरवा चारा कोण देणार, मार्च ते जून देणार का. जवळचा परवानाधारक कत्तलखाना किती किलोमीटरवर. पशुवैद्य पूर्णवेळ की "गरज पडल्यास". किपरची, म्हणजे प्राण्यांची रोजची देखभाल करणाऱ्यांची, मंजूर पदं किती, त्यातली भरलेली किती. ही यादी झाली की प्राण्यांच्या यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

वाघाचं उदाहरण घ्या. मोठ्या वाघाला दिवसाला साधारण आठ ते दहा किलो मांस लागतं, आठवड्यातून एक दिवस उपवास. जोडीला वर्षाचे पाच ते सहा टन होतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचं मांस बंद आहे, म्हणजे म्हशीचं आणि कोंबडीचं. ते रोज सकाळी, ताजं, तपासलेलं, बंद गाडीतून आलं पाहिजे. सणासुदीला खाटीक दुकान बंद ठेवतो, तेव्हा वाघाला कॅलेंडर वाचता येत नाही. म्हणून मी म्हणते, वाघाचा विचार करण्याआधी खाटकाला भेटा. तो माणूस विश्वासाचा असेल, त्याच्याकडे डीप फ्रीझर असेल आणि बिल तीन-तीन महिने थकवणार नाही असं तुमच्या अकाउंट्सवाल्याने लिहून दिलं असेल, तरच पुढचं बोलायचं.

मग जागा. नियमांप्रमाणे वाघाच्या जोडीला मोकळी जागा किमान १००० चौरस मीटर लागते, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. किमान या शब्दाखाली मी भाचीला दोन रेघा मारायला लावल्या. शिवाय रात्रीच्या खोल्या, त्यांना दुहेरी दारं, औषध द्यायला स्क्वीझ केज (प्राण्याला हलता येऊ नये म्हणून भिंत सरकवून दाबून धरणारा पिंजरा), खंदक, प्रेक्षकांपुढचा कठडा. बारा एकरांतून पार्किंग, रस्ते, दवाखाना, नवीन प्राणी महिनाभर वेगळा ठेवायची जागा, स्वयंपाकघर आणि मेलेल्या जनावराची विल्हेवाट हे सगळं वजा केलं की काय उरतं ते पाहा. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १३० एकरांचं आहे, त्यातला ४२ एकर तर नुसता तलाव. त्याच्याशी बरोबरी करायला जाऊ नका.

माणसांचा हिशोब बहुतेक जण चुकवतात. एक वाघ म्हणजे एक किपर, असं धरतात. किपरला साप्ताहिक सुटी असते, त्याच्या पोराला ताप येतो, तो पंढरीला जातो. धोकादायक प्राण्याच्या पिंजऱ्यात एकट्याने काम करायचं नसतं, म्हणजे रोज दोघं हजर हवेत. मी नोकरीत असताना थोडक्यात टळलेले जे अपघात पाहिले, त्यातले बहुतेक "आज तो एकटाच होता" या वाक्याने सुरू होतात.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ते टाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात नंतर प्राणिसंग्रहालयांसाठी वेगळं प्रकरण जोडलं गेलं आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं. त्यांच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. वन्यप्राणी मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाकडूनच घ्यायचे आणि त्यांनाच द्यायचे. बाजारातून आणायचे नाहीत, जंगलातून तर नाहीच नाही. व्यवहार बहुतेक अदलाबदलीचा असतो, त्यामुळे तुमच्याकडे द्यायला काय आहे हाही प्रश्न येतो. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणात क्रमही दिलाय: आधी स्थानिक प्रजाती, मग आपल्या भूभागातल्या, मग बाकीच्या. भाचीच्या लिस्टमध्ये तो नेमका उलटा होता.

मग पेन्सिल घेऊन बसलो.

पेंग्विन. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, तेव्हापासून प्रत्येक नगरपालिकेच्या स्वप्नात पेंग्विन येतो. हा पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी, बर्फातला नव्हे, तरी त्याला गार हवा, गार स्वच्छ पाणी आणि चांगली मासळी रोज लागते. कूलिंग चोवीस तास, त्याला जनरेटर, त्या जनरेटरला दुसरा जनरेटर. पुणेकराला हे समजावायला दोन शब्द पुरतात: गुरुवार आठवा. ज्या गावांत दुरुस्तीसाठी आठवड्यातून एक दिवस वीज आणि पाणी बंद ठेवतात, तिथे पेंग्विन आणायचा नसतो. खोडला.

जिराफ आणि झेब्रा एका दमात खोडले. जिराफाची पेटी ट्रकवर चढवली की वाटेतला प्रत्येक पूल आणि प्रत्येक वायर मोजावी लागते, आणि एकटा जिराफ ठेवणं हा त्याच्यावर अन्यायच. मकाऊ पन्नास वर्षं जगू शकतो, तुमचा पुढचा पुढचा मुख्याधिकारी त्याला शिव्या देईल.

पांढऱ्या वाघापाशी भाची अडली. "मावशी, पब्लिक त्याच्यासाठीच येतं." येतं, खरंय. पण पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, धोक्यात आलेली तर नाहीच. तो बंगालच्या वाघातलाच जनुकीय बदल आहे. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन. साध्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला साध्या रंगाचीच पिल्लं झाली. मग त्याच्याच मुलीशी, राधाशी, त्याचा मेळ घातला आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं जन्मली. पुढचा पांढऱ्या वाघांचा गोतावळा असाच नात्यातल्या नात्यात वाढला. डोळे तिरळे असणं ही त्या रंगाबरोबरच येणारी गोष्ट. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना मुद्दाम पांढरे वाघ पैदा करायला मनाई केली. आपल्या घरात मामेभाऊ-आतेबहिणीच्या लग्नावर चार मावश्या कुजबुजतात, इथे बाप-लेकीचं चालतं कारण पिल्लं गोरी होतात.

सिंहाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: वंशावळ मागा. स्टडबुक म्हणजे त्या प्रजातीच्या बंदिस्त प्राण्यांची कुळाची वही, कोणाचा बाप कोण, कुठे जन्मला, कुठे गेला. भारतात एके काळी आफ्रिकन आणि आशियाई सिंहांचा संकर होऊन बसला होता. चंदीगडजवळच्या छतबीरला असे संकरित सिंह इतके वाढले की शेवटी त्यांचं प्रजनन थांबवावं लागलं. आयाळ तीच, डरकाळी तीच, फोटोत काही फरक कळत नाही, पण संवर्धनाच्या दृष्टीने शून्य. "सिंह आहे, घेऊन जा," असा फोन आला की पहिला प्रश्न स्टडबुक नंबर काय, हाच. पलीकडे शांतता पसरली तर फोन ठेवा.

इथवर येईपर्यंत आमटी गार झाली होती आणि भाचीचा चेहरा पडला होता. "मग उरलं काय? हरणं वगैरे?"

उरलं ते खरं काम. आता कंपासपेटी घ्या आणि तुमच्या गावाभोवती शंभर किलोमीटरचं वर्तुळ काढा. आतमध्ये काय राहतं ते लिहा. पुण्याभोवती काढलं तर वायव्येला भीमाशंकर, तिथला शेकरू, आपला राज्यप्राणी. पूर्वेला सासवड, सुप्याकडची माळरानं. तिथे लांडगा, तरस, खोकड, चिंकारा. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, चिंकाऱ्यासाठी राखलेलं. किती पुणेकरांनी पाहिलंय? आपण माळाला पडीक म्हणतो आणि त्यावर प्लॉटिंग करतो. लांडगा धनगराला माहीत आहे, बिल्डरला नाही आणि शाळेतल्या पोराला फक्त गोष्टीतला माहीत आहे. लहान झूने हाच प्राणी उचलावा. तो इथल्या उन्हाला सरावलेला आहे, एसी मागत नाही, आणि तो दाखवला तर बघणाऱ्याचा घरी जातानाचा रस्ता बदलतो.

लांडगा घेताना दोन गोष्टी तपासा. एक, रक्त. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. म्हणून "सुटका केलेला लांडगा" आला तर आधी हैदराबादच्या लॅकोन्स प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी नमुना पाठवा, मग पाटी रंगवा. दोन, एकटा ठेवू नका. लांडगा कुटुंबातला प्राणी, एकटा ठेवला की तो तारेच्या कडेने आठचा आकडा काढत फिरतो. जमिनीवर ती वाट उमटते, गवत उगवत नाही. नवीन झूमध्ये गेले की मी प्राण्याआधी जमीन बघते. पिंजऱ्याच्या कडेला गुळगुळीत वाट दिसली की निवड चुकली किंवा पिंजरा चुकला, एवढं मला पाटी न वाचता कळतं.

आणि साप. माझं चाललं असतं तर प्रत्येक तालुक्याच्या झूची सुरुवात सापांनी झाली असती. कात्रजला १९८६ मध्ये सर्पोद्यान झालं आणि प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये, हा क्रम मला फार आवडतो. साप जागा कमी घेतो, खातो कमी, आणि आपल्याकडे त्याला ओळखण्यावर जीव अवलंबून असतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार शेजारी शेजारी ठेवा. त्यांच्या बाजूला त्यांचे बिनविषारी सारखे दिसणारे: मण्यारीशेजारी कवड्या, घोणशीशेजारी डुरक्या घोणस आणि अजगराचं पिल्लू. डुरक्या घोणस बिचारी नुसत्या नावापायी आणि ठिपक्यांपायी मारली जाते. मांडुळाला तर दोन तोंडं असतात असं समजून गुप्तधनवाले पळवतात, त्याच्या शेपटीजवळ भिंग लावा आणि लोकांना डोळे शोधू द्या. माझ्या नोकरीत हे एक काम मी करून घेतलं होतं. एकदा दौंडकडची एक बाई घोणशीच्या काचेपुढे अर्धा तास उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, "ही शिट्टी कुकरची वाटली होती ओ आम्हाला. उसात." तिच्या जावेला चावलं होतं. ती फुसकारा ऐकायला पुन्हा थांबली होती. त्या दिवशी शेजारच्या वाघापुढे गर्दी होती, तो झोपला होता, लोक सेल्फी काढून पुढे जात होते.

मात्र सापांतही हाव नको. कोणीतरी नागराज सुचवणारच. नागराज साप खातो. धामण द्यायची म्हटलं तर धामण स्वतः कायद्याने संरक्षित. शिवाय आपल्याकडची प्रतिविष लस वरच्या चार सापांच्या विषावर बनते, नागराज त्यांत नाही. किपरला चावला तर काय करणार याचं उत्तर नसेल तर तो प्राणी यादीत नसतो. हा नियम नागराजापुरता नाही.

संख्या ठरवताना जोडीचा मोह सोडा. नर एक, मादी एक, हे आपण लग्नपत्रिकेवरून शिकलोय. काळविटाचा एक नर आणि पाच-सहा माद्या सुखाने राहतात, पण पुढच्या वर्षी जन्मलेले नर वयात आले की शिंगं लावायला लागतात, त्यांना वेगळं आवार लागतं. ते आवार आराखड्यात पहिल्या दिवशी नसेल तर दुसऱ्या वर्षी जखमा शिवत बसाल, आणि त्या मी शिवल्यात. चितळ तर विचारूच नका. घ्यायला सगळे तयार, पाच वर्षांनी द्यायला सगळे तयार, तेव्हा घ्यायला कोणी नाही. मगरीचंही तेच. मादी एका वेळी पंचवीस-तीस अंडी घालते, चेन्नईजवळच्या मगर केंद्रावर शेवटी शेकडो मगरी जामनगरला पाठवायची वेळ आली. म्हणून प्रत्येक नावापुढे एक रकाना ठेवा: पिल्लं हवीत की नकोत. नको असतील तर नर-मादी वेगळे, की शस्त्रक्रिया, की अंडी काढून घेणार, ते आत्ताच लिहा.

नाही म्हणायला शिकणं हा या कामाचा सगळ्यात अवघड भाग. मला ते शिकवलं इमूंनी. २०१० च्या आसपास आपल्याकडे इमू पालनाचं खूळ आलं होतं, तेल विकलं जाईल, अंडी विकली जातील म्हणून. धंदा बसला, आणि पक्ष्यांना खायला घालणं परवडेना. एका सकाळी आमच्या गेटला सहा इमू बांधलेले सापडले, दोरीने, शेळ्यांसारखे. दया आली. रिकामं आवार होतं, ठेवून घेतले. पुढच्या महिन्यात आणखी तिघांचे फोन. कागदोपत्री ते आमच्या कुठल्याच योजनेत नव्हते, त्यांचा खुराक हरणांच्या बजेटमधून जायचा. इमू चमकणारं काहीही गिळतो. त्यातला एक मेला तेव्हा मी पोट उघडलं: नाणी, बाटलीची झाकणं, आणि आमच्याच स्टोअरची हरवलेली किल्ली, जिच्यासाठी एका शिपायाला मेमो मिळाला होता. मेमो मागे घ्यायला मला शवविच्छेदनाचा अहवाल जोडावा लागला. दया करायची तर सुटका केंद्रात करा, त्याला वेगळी जागा आणि वेगळं बजेट ठेवा. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी असं केंद्र आहे. ऊसतोडीत सापडलेला बछडा दिसायला गोड असतो, पण शक्य तेव्हा तो रात्री आईपाशीच परत ठेवतात, प्रदर्शनात नाही.

"पण मावशी, तरस आणि लांडगा दिवसभर झोपणार. लोक काय बघणार?" हा प्रश्न बरोबर आहे. सिंगापूरने १९९४ मध्ये रात्रीचं प्राणिसंग्रहालयच उघडलं, आपल्याला ते झेपणार नाही. साधे उपाय आहेत. खायला देण्याची वेळ ठरवा आणि ती पाटीवर लिहा. एकाच जागी थाळी ठेवू नका, लपवा. आमच्याकडे अस्वलाच्या आवारात गवंड्याने सिमेंटचं वारूळ करून दिलं होतं, आत पाइप, पाइपात मध. अस्वल ओठांची नळी करून असं ओढायचं की आवाज तिकिटाच्या खिडकीपर्यंत यायचा. पोरं आवाजामागे धावत यायची आणि आईने हात ओढेपर्यंत हलायची नाहीत. सावली पिंजऱ्याच्या पुढच्या बाजूला पाडा, मागे नको. प्राणी सावलीत बसतो, मग तो दिसेल तिथेच सावली असू दे. भाचीने एवढी एकच गोष्ट वहीत चौकट करून लिहिली, कारण ती तिच्या हातातली आहे.

शेवटचं गाळण रोगांचं. तुमच्या कुंपणाबाहेर कोणती जनावरं चरतात ते बघा. गाई-म्हशींची लाळ्या-खुरकूत हरणांना होते. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग सिंहांना होतो, २०१८ मध्ये गीरमध्ये त्याने सिंह मेले ते सगळ्यांनी वाचलंय. लांडग्याला तर कुत्र्यांचं सगळंच होतं.

चार वाजता चहा झाला तेव्हा कागदावर ही नावं होती: लांडगा, एक कुटुंब. तरस, दोन. खोकड. काळवीट, नरांच्या जादा आवारासह. शेकरू, उंच जाळीचं आवार, पण दुसऱ्या टप्प्यात. साप, अकरा जाती, त्यांत विषारी चार. आणि भाचीच्या हट्टाखातर साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा रंगीत गळ्याचा सरडा, परवानगी मिळाली तर. शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये त्याच्या गटाचं (जीनसचं) नावच 'सरडा' ठेवलंय, मराठीतलं, यावर ती फार खूश झाली. वाघापुढे प्रश्नचिन्ह, आणि कंसात "खाटीक?"

"साहेब विचारतील, पोस्टरवर कोणाचा फोटो छापायचा."

"लांडग्याचा छाप. जवळून, डोळे दिसतील असा."

मंगळवारी तिने जागेचे फोटो पाठवले. वडाचं मोठं झाड, कठडा ढासळलेली विहीर, मागे ऊस. कुंपणाच्या तारेपाशी सात कुत्री लोळत होती आणि त्यातल्या एका कुत्रीला नुकतीच पिल्लं झालेली. मी उत्तर लिहिलं: विहिरीचं पाणी तपासायला दे, मेमध्ये किती उरतं ते शेजारच्या शेतकऱ्याला विचार, आणि ड्रॉइंग सुरू करायच्या आधी या सगळ्यांचं लसीकरण आणि नसबंदी. पिल्लं मोजायला विसरू नकोस.